हत्तीची टूथपेस्ट शाळेत करायचीय? आधी बाटलीवरचा आकडा वाचा

मॅडम, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात सातवी-आठवीच्या साठेक मुलांसमोर हत्तीच्या टूथपेस्टचा प्रयोग, म्हणजे पेरॉक्साइड आणि साबणाचा फेस बाटलीतून उसळवायचा तो, करायचाय, व्हिडिओत बघून तुम्ही केमिकलच्या दुकानातून ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धा लिटर आणून ठेवलंय, पोटॅशियम आयोडाइड लॅबच्या कपाटात आहेच, आणि हेडसर म्हणतायत असले उद्योग शाळेत नकोत. तर आता कुणाचं ऐकायचं.

अर्धं तुमचं, अर्धं हेडसरांचं. प्रयोग करा, नक्की करा, पण त्या बाटलीने करू नका.

मी २६ वर्षं शाळेत काढली, त्यातली पहिली सहा लॅब असिस्टंट म्हणून आणि पुढची विज्ञान शिकवण्यात, आणि हा फेसाचा प्रयोग मी किती वेळा केला असेल ते आता मोजतही नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीपण ३० टक्केवालंच वापरायचो, कारण कुणीतरी दाखवलं तसंच आपण करतो, आणि काही झालं नाही म्हणजे बरोबर आहे असं वाटत राहतं. मग एकदा बाटलीचं झाकण उघडताना कडेला साचलेला एक थेंब बोटाला लागला, म्हटलं पाणीच असेल, पुसला शर्टाला. दोन मिनिटांत बोटाचं टोक चुन्यात बुडवल्यासारखं पांढरंफेक झालं आणि अशी काही आग व्हायला लागली की नळाखालून हात काढवेना. संध्याकाळपर्यंत पांढरेपणा गेला, पण डोक्यात एक गोष्ट पक्की बसली की माझ्याऐवजी पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराच्या डोळ्यात तो थेंब गेला असता तर मी काय केलं असतं. त्या दिवशी फेस अजून निघालाही नव्हता बरं का, नुसतं झाकण उघडत होतो. हेच मला सांगायचंय, या प्रयोगात फेस उसळतो ते एक मिनिट सगळे श्वास रोखून बघत असतात आणि सगळे लांब असतात, घोटाळा होतो तो त्याच्या आधी, ओतताना-मोजताना, आणि नंतर, आवरताना. व्हिडिओत नेमकं तेवढंच कापलेलं असतं.

आता आकड्यांचं बघू, कारण हेडसरांना पटवायलासुद्धा तेच उपयोगी पडेल. पेरॉक्साइड फुटलं की पाणी आणि ऑक्सिजन होतो आणि सोबत उष्णता बाहेर पडते. दहावीच्या पुस्तकात उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, शिकवताना मँगनीज डायऑक्साइड टाकून हीच अभिक्रिया दिलीय. मेडिकलच्या दुकानात जखम धुवायला जे मिळतं त्या बाटलीवर बहुतेक वेळा ६ टक्के किंवा २० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. व्हॉल्यूम म्हणजे काय तर १ मिली द्रावणातून २० मिली ऑक्सिजन निघतो, म्हणजे १०० मिलीतून सरळ २ लिटर. दोन लिटर वायू साबणात अडकला की किती फेस होईल विचार करा, पाण्याच्या मोठ्या बाटलीच्या दुप्पट. त्यात पेरॉक्साइड असतं ६ ग्रॅम, त्यातून उष्णता निघते साधारण १७ किलोज्यूल, म्हणजे ती सगळी आतच राहिली तर १०० मिली पाणी जेमतेम ४० अंशांनी तापेल. आपण आयोडाइडऐवजी वर यीस्टचं पाणी ओततो, थोडी उष्णता हवेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात फेस चांगला गरम लागतो पण उकळत नाही. तुमच्या ३० टक्केवाल्यात हे सगळं पाचपट. ८० किलोज्यूलच्या वर. १०० मिली पाणी फेब्रुवारीतल्या ३० अंशांवरून उकळीला न्यायला ३० किलोज्यूलसुद्धा लागत नाहीत, मग उरलेल्याचं काय होतं? पाण्याची वाफ होते. म्हणून त्या व्हिडिओतल्या फेसातून धूर निघाल्यासारखा दिसतो, तो धूर नाही, उकळती वाफ आहे, आणि त्या फेसात अजून न फुटलेलं जहाल पेरॉक्साइड पण असतं, आयोडाइड वापरलं तर वर आयोडीनचे पिवळे-तपकिरी डाग. आणि पोरं काय करतात? फेस दिसला की हात घालतात. सांगून, ओरडून, काही उपयोग नाही, फेस बघून हात न घालणारं पोरगं मी अजून बघितलेलं नाही. आपण असा फेस करायचा की एखादा चुकार हात गेलाच तर दवाखाना गाठावा लागणार नाही, बास.

परमँगनेटचंही तेच सांगतो, कुणीतरी तुम्हाला सुचवेल की विहिरीत टाकतात ते जांभळं टाका, भारी उडतं. उडतं म्हणूनच नको. कपडे, फरशी, हात सगळं तपकिरी होतं ते वेगळंच.

मग करायचं कसं. मेडिकलमधून ६ टक्क्यांच्या बाटल्या आणा, सीलबंद आणि ताज्या तारखेच्या, कारण हे द्रावण नुसतं ठेवून ठेवून पण फुटत राहतं, त्यात आपल्याकडचा उन्हाळा, वर्षभर उन्हातल्या कपाटात पडलेली बाटली म्हणजे बऱ्याचदा नुसतं पाणीच. शंका असेल तर कच्च्या बटाट्याच्या चकतीवर चार थेंब टाका, तडतडून पांढरा फेस आला तर माल चांगला. यीस्ट म्हणजे केक-पावाचं सुकं यीस्ट, किराणा दुकानात पाकिटात मिळतं, आणि गावात पावाची भट्टी असेल तर तिथून ओलं यीस्ट मागून आणा, भट्टीवाला शाळेचं नाव सांगितलं की पैसे पण घेत नाही असा माझा अनुभव. एक चमचा सुकं यीस्ट तीन-चार मोठे चमचे कोमट पाण्यात कालवायचं, अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट, ४० अंशांच्या आसपास, आणि पाच मिनिटं ठेवायचं. इथं नव्वद टक्के लोक चुकतात, चहाच्या आधणासारखं पाणी घेतात. यीस्टमध्ये कॅटॅलेज नावाचं जे विकर (एन्झाइम) असतं तेच इथं उत्प्रेरकाचं काम करतं आणि ते कडक पाण्यात मरतं, मग फेस काही येत नाही आणि मॅडमचा प्रयोग फसला म्हणून पोरं वर्षभर चिडवतात. साखर घालायची काहीच गरज नाही, आपल्याला पाव फुगवायचा नाहीये.

भांडं म्हणजे अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली, किंवा लॅबमधला ५०० मिलीचा प्लास्टिकचा मेजरिंग सिलिंडर असेल तर उत्तम. काच नको, आणि लगोरीसारखी डुगडुगणारी बाटली पण नको, घमेल्यात तिच्या बुडाभोवती बाहेरून थोडी वाळू नाहीतर खडे टाकून घट्ट बसवा. घमेलं प्लास्टिकचं घ्या, कँटीनची परात आणू नका, मग ती परत कणकेला जाते. बाटलीत आधी १०० मिली पेरॉक्साइड, मग एक मोठा चमचा भांडी घासायचं लिक्विड, हलकेच फिरवायचं, घुसळायचं नाही. रंग हवा असेल तर खायचा रंग, तो पण आत मिसळू नका, बाटलीच्या तोंडाच्या आतल्या कडेने दोन-तीन ठिकाणी ओघळ सोडा, मग फेस पट्ट्यापट्ट्यांचा निघतो, अगदी टूथपेस्टसारखा. रांगोळीचे किंवा होळीचे उरलेले रंग टाकू नका, त्यात काय काय असतं ते आपल्याला माहीत नसतं आणि कुठल्या धातूच्या क्षाराने पेरॉक्साइड आधीच फुटायला लागेल सांगता येत नाही. मग यीस्टचं पाणी एका छोट्या कपात घ्यायचं, एका दमात ओतायचं, आणि हात मागं. वाकून आत बघायचं नाही. हे मी तुम्हालाच सांगतोय, मुलांना नाही, आपणच वाकून बघतो.

उंच फेस हवा असेल तर तोंड थोडं अरुंद हवं, रुंद बीकरमध्ये तेवढाच फेस नुसता भाकरीच्या पिठासारखा फुगून बसतो. म्हणजे बघा, लोक फेस वाढवायला टक्केवारी वाढवतात, खरं तर भांडं बदललं तरी काम होतं. पण अरुंद म्हणजे किती, तर पाण्याच्या बाटलीच्या तोंडाइतकं, त्याहून बारीक नको, नळी बसवायची नाही, झाकणाला भोक पाडून कारंजं करायचं नाही. एका शाळेत एका उत्साही गुरुजींनी तसं भोक पाडलेलं झाकण लावलं होतं, मी पाहुणा म्हणून गेलेलो, भोकात यीस्टची गुठळी अडकली, बाटली फुगत फुगत गेली आणि झाकण सुटून बाजूच्या बाकावर आदळलं. नशीब त्या बाकावर कुणी बसलेलं नव्हतं. झाकण हा शब्दच या प्रयोगात नको.

आणि झाकणावरून आठवलं, माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक. प्रयोग छान झाला, टाळ्या वगैरे, मी पाहुण्यांना चहाला घेऊन गेलो, टेबलावर उरलेलं पेरॉक्साइड आणि उरलेलं यीस्टचं पाणी तसंच. दोन पोरांनी काय केलं, घरी लहान भावाला दाखवायचं म्हणून दोन्ही एका पाण्याच्या बाटलीत ओतलं आणि झाकण घट्ट लावून बाटली दप्तरात ठेवली. दप्तर! सुदैवाने ते दप्तर व्हरांड्यात होतं, पोर नव्हतं तिथं. फटाक्यासारखा आवाज झाला आणि वह्या-पुस्तकांचा लगदा. मला दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना काय सांगायचं हे रात्रभर सुचेना. तेव्हापासून माझा नियम, शेवटची टाळी वाजायच्या आत उरलेलं सगळं बादलीत, वर भरपूर पाणी, आणि बाटली माझ्या हातात. आवरायला एक मोठा माणूस वेगळा नेमायचा, प्रयोग करणारा तो नाही, कारण प्रयोग करणाऱ्याभोवती गर्दी होते.

जागा मैदानावर निवडा, वर्गात नको, साठ पोरं वर्गात म्हणजे मागची बाकावर चढणार आणि पुढची ढकलली जाणार. कबड्डीचं मैदान आखायला फक्की असते ना, तिने एक गोल आखा, मधल्या टेबलापासून दोन-अडीच मीटरवर, आणि त्याच्या आत फक्त तुम्ही आणि एक मदतनीस. पुढची मुलं खाली बसवा, मागची उभी, सगळ्यांना दिसतं. वारा मुलांच्या दिशेने नको. तुम्ही दोघांनी गॉगल घालायचा, लॅबचा, बाजूनं बंद असलेला, उन्हाचा फॅशनचा गॉगल चालत नाही, तो बाजूनं उघडा असतो. हातमोजे, पायात चप्पल नको बूट, ओढणी-पदर खोचलेला, केस बांधलेले. शेजारी पाण्याची भरलेली बादली आणि तांब्या, शक्यतो नळही जवळ. डोळ्यात काही उडालंच तर पापण्या उघड्या धरून सलग १५ मिनिटं पाण्याची धार, घड्याळ लावून, आणि मग दवाखाना, मूल बरं वाटतंय म्हणालं तरी. कुणीतरी गुलाबपाणी घेऊन धावत येतं दरवेळी, त्याला प्रेमाने बाजूला करा. अंगावर उडालं तर धुवायचं आणि भिजलेला कपडा बदलायचा. चुकून कुणी प्यायलं तर उलटी करायला लावायची नाही, तोंड धुवायचं आणि बाटली सोबत घेऊन डॉक्टरकडे. पेरॉक्साइड दिसायला पाण्यासारखं असतं हे विसरू नका, म्हणून ते कधीही पाण्याच्या बाटलीत काढून ठेवायचं नाही, एक तासासाठी पण नाही.

अजून एक, घरी करून बघणारच आहेत पोरं, त्यामुळे त्यांना तिथंच सांगून टाका की भांड्याच्या साबणाऐवजी टॉयलेट क्लीनर किंवा कपड्याचं ब्लीच टाकायचं नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये बऱ्याचदा आम्ल असतं, त्यातून विषारी क्लोरीन निघू शकतो, आणि ब्लीच पेरॉक्साइडशी स्वतःच जोरात भांडतं. हे नुसतं नाही म्हणून सांगू नका, का नाही ते सांगा, नुसतं नाही म्हटलं की तेच पहिलं करतात. सलूनमध्ये केस रंगवायला वापरतात ते डेव्हलपर पण पेरॉक्साइडच असतं, ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के, आमच्या एका विद्यार्थ्याने काकाच्या दुकानातून आणलं होतं, हुशार पोरगा, पण त्याला तो आकडा वाचायला शिकवणं हे माझं काम होतं.

आता त्या ३० टक्केवाल्या बाटलीचं. दुकानदार घेत असेल तर सील न फोडता परत करा. घेत नसेल तर जवळच्या ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या सरांना फोन करा, त्यांना लागतं ते. तोपर्यंत मूळ बाटलीतच, मूळ झाकणासकट ठेवा, त्या झाकणाला वायू जायला बारीक सोय असते, म्हणून वेगळं घट्ट झाकण लावायचं नाही. थंड, अंधाऱ्या जागी, लाकडी फळीवर किंवा कागदाच्या गठ्ठ्यावर नको, खाली प्लास्टिकचा ट्रे. सांडलं तर चिंधीने पुसून चिंधी कचऱ्यात टाकायची नाही, भरपूर पाणी ओतायचं आणि चिंधी भिजवून धुवायची, जहाल पेरॉक्साइड मुरलेलं कापड सुकताना पेट घेऊ शकतं. पाणी घालून पातळ करता येतं का असं तुम्ही पुढं विचाराल म्हणून आधीच सांगतो, येतं, एक भाग बाटलीतलं आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर म्हणजे ६ टक्के झालं, पण ते मोजताना-ओतताना हात जहाल मालातच जातात, आणि मेडिकलमध्ये तयार मिळत असताना ही जोखीम घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही.

बरं, साठ मुलांना नुसतं लांबून बघायला लावलंत तर तो खेळ झाला, जादूगाराचा. माझा आग्रह असा की मोठा फेस शेवटी ठेवा आणि त्याआधी त्यांच्या हाताला काम द्या. ६ टक्क्यांत तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के होतं, प्रत्येक गटाला त्यातलं ५ मिली परीक्षानळीत, हे तुम्हीच वाटायचं. एका गटाला कच्च्या बटाट्याचा तुकडा, एकाला उकडलेल्या बटाट्याचा, एकाला कोमट पाण्यातलं यीस्ट, एकाला तेच यीस्ट पण उकळलेलं. आधी पाटीवर अंदाज लिहून घ्यायचा कुठं फेस येईल. उकडलेल्यात काहीच होत नाही तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ना, ती मला टूथपेस्टपेक्षा जास्त आवडते, मग एखादी मुलगी हळूच म्हणते की सर शिजवल्यावर त्यातलं काहीतरी मेलं असेल. विकर हा शब्द त्यानंतर सांगायचा. नळीच्या तोंडाशी विझत आलेली, नुसता निखारा असलेली उदबत्ती तुम्ही धरून दाखवा, भपकन पेटते, तो ऑक्सिजन. ती मुलांच्या हातात नको आणि मोठ्या फेसाजवळ पण नको. गॉगल जेवढे असतील तेवढेच गट एका वेळी, बाकीचे लिहितील.

आणि आठवीतला कुणी म्हणालाच की सर हे तर लहान पोरांचं आहे, तर त्याला राकेश शर्मांची गोष्ट सांगा. ३ एप्रिल १९८४ ला ते सोयुझमधून अंतराळात गेले, त्या रॉकेटच्या इंजिनात इंधन ढकलणारा जो पंप असतो त्याचं टर्बाइन फिरतं ते पेरॉक्साइड फोडून निघणाऱ्या वाफेवर आणि ऑक्सिजनवर. आपल्या बाटलीतलीच अभिक्रिया, फक्त ८० टक्क्यांच्या वरचं पेरॉक्साइड आणि साबण नाही. इतकं जहाल काय करू शकतं हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

हेडसरांकडे जाताना तोंडी परवानगी मागू नका, एक पान लिहून न्या, काय वापरणार, किती टक्के, किती मिली, कुठं, कोण उभं राहणार, आवरणार कोण. माझा अनुभव असा की नाही म्हणणाऱ्या माणसाला प्रयोगाची भीती नसते, आपण काय करणार ते त्याला माहीत नसतं याची भीती असते. आणि आदल्या दिवशी एकदा मुलं घरी गेल्यावर हेडसरांसमोरच करून दाखवा. आमचे हेडसर त्या फेसात स्वतःच बोट घालायला निघाले होते, मी हात धरला.

पहिली ते चौथीचा वर्ग पण बघायला येणार असेल तर त्यांच्यासाठी हे नकोच, खायचा सोडा, लिंबाचा रस आणि दोन थेंब साबण, ते स्वतः करू शकतात आणि तितकेच खूश होतात.

फेस खाली बसला की घमेल्यात पाणी ओतून मोरीत सोडून द्या, ६ टक्क्यांचं असेल तर उरतं ते साबणाचं पाणीच असतं जवळजवळ. बाटली दोनदा विसळा आणि लगेच कापून टाका, म्हणजे कुणी पाणी भरून प्यायचा प्रश्न नाही. आणि उरलेलं यीस्ट त्याच दिवशी फेका बरं का, एका वर्षी मी शनिवारी कपाटात विसरून गेलो, सोमवारी लॅब उघडली तर ताडीच्या दुकानासारखा वास आणि शिपाईमामा माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते.